उजव्या अंगाची जागा

कुठेतरी पाणी मुरत होतं, एवढं डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. एकतीस वर्षं लोकांची पोटं उघडून बघितलेला माणूस, त्याच्यापासून लपवणार तरी काय?

पहिला संशय आला तो सिस्टरचा. टेबलावर रोगी असला की त्याच्या उजव्या अंगाला डॉक्टर उभे राहायचे, समोर डावीकडे मदतनीस आणि शेजारी सिस्टर. डॉक्टरांनी न बघता तळहात पुढे करायचा, तिनं हवं ते हत्यार त्यात ठेवायचं. वीस वर्षांत मागावं लागलं नाही. हल्ली मात्र ती हत्यार लगेच सोडत नव्हती. क्षणभर धरून ठेवायची, मग हात काढायची. वर ऑपरेशनच्या यादीत डॉक्टरांच्या नावावर नुसते हर्निया. अवघड पोटं कुणाकडे, तर धाकट्या डॉक्टरणीकडे, जिला गाठ मारायला यांनीच शिकवलं. कुंपणच शेत खातंय म्हणा ना.

"यादी कोण लावतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच लावते, सर," सिस्टर म्हणाली आणि सरळ असलेल्या कात्र्या पुन्हा सरळ करत बसली.

झालं, म्हणजे दोघींचं संगनमत. त्या उजव्या अंगाच्या जागेसाठी या माणसानं काय नाही घालवलं? लेकीनं पहिलं पाऊल टाकलं ते फोनवर ऐकलं. वडील गेले तेव्हा हे कुणाच्या तरी आतड्याला टाके घालत होते. बायको वर्षानुवर्षं एकटी जेवली. आणि मिळालं काय, तर भर रस्त्यात कुणीतरी सदरा वर करून व्रण दाखवतो, "तुमचाच हात, साहेब." पण खरं सांगायचं तर तेवढ्यावर स्वारी खूश होती. तेच हिसकावून घ्यायला निघाल्यावर राग येणार नाही तर काय.

संध्याकाळी घरी डॉक्टर तावातावानं हे सगळं सांगत होते. बायको ऐकत होती, पण आज "हो ना" म्हणत नव्हती. त्यांनी चहाचा कप उचलला. अर्धाच होता. कालही अर्धाच होता, हे त्यांना आत्ता आठवलं.

"दूध संपलं का गं?"

"नाही."

"मग अर्धाच का?"

तिनं आधी बशी पुसली. "अहो, दोन महिने झाले. भरलेला कप तुमच्या हातून सांडायला लागला तेव्हापासून. सिस्टरला फोन मीच केला. तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता, आणि गप्प राहावं तर कुणाचं तरी पोट तुमच्या हाताखाली."

डॉक्टर हाताकडे बघत राहिले. बोटं किंचित थरथरत होती, आणि ते बघून त्यांना रडू आलं. हा हात आयुष्यभर तिच्या वाट्याला फारसा आलाच नाही, तरी त्याचं दुखणं तिनंच आधी ओळखलं होतं.

सकाळी टेबलावर साधा हर्निया होता. धाकटी डॉक्टरीण नेहमीसारखी मदतीला डावीकडे उभी होती. डॉक्टर टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ गेले.

"सरक. तू तिकडे जा, उजवीकडे."

"सर?"

"जा म्हटलं ना."

ती गेली. तिनं न बघता तळहात पुढे केला. सिस्टरनं त्यात हत्यार ठेवलं आणि लगेच सोडलं.