वाटणीत अडकलेला वारा

मी एक जुना झरोका आहे. मित्रांनो, मान वर केल्याशिवाय मी कुणाला दिसत नाही, आणि घरात राहणारी माणसे मान वर करून फारशी पाहत नाहीत. छताच्या जरा खाली बसवलेला, लाकडी झडपेचा, हातभर लांबीचा मी एक चौकोन. गवंडी आता जेवायला बसला आहे. त्याचे जेवण उरकले की तो मला विटांनी बुजवणार आहे. तेवढ्यात माझी हकीकत सांगून घेतो.

हे घर एका इस्त्रीवाल्याने बांधले. त्याआधी तो पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत इस्त्री करायचा. घामाचा थेंब लोकांच्या कपड्यांवर पडू नये म्हणून कपाळाला फडके बांधायचा. स्वतःचे घर बांधायचे ठरले, तेव्हा नकाशा काढणाऱ्या बाई त्याच्याकडे आल्या. किती खोल्या हव्यात, हे त्यांनी आधी विचारलेच नाही. त्या पत्र्याखाली इस्त्रीच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून दुपारभर बसल्या, घामाने निथळल्या आणि मगच घरी जाऊन कागद पुढे ओढला.

त्यांनी मावळतीकडची भिंत जाड ठेवली आणि तिला खिडकी दिली नाही, कारण तिकडचे ऊन सगळ्यात वाईट. खिडक्यांवर रुंद छज्जे काढले. छताला पांढरा चुना दिला. बाहेरच्या झाडाच्या सावलीत, अगदी खाली, एक रुंद खिडकी ठेवली आणि तिच्या समोरच्या भिंतीत, सगळ्यात उंच जागी, मला बसवले. बाईंनी इस्त्रीवाल्याला समजावले, की गार हवा खालून येते, तापलेली हवा वर चढते, म्हणून घराला नाक आणि तोंड दोन्ही लागतात.

इस्त्रीवाला म्हणाला, "चालेल. फक्त कान ठेवू नका बाई, शेजारी बोलघेवडे आहेत."

मित्रांनो, तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल गचके खात बाहेर येते. दुसरे भोक पाडले की सुरळीत धार लागते. हवेचेही तसेच. खिडकी आणि मी, अशी ती दोन भोके होतो. खाली दोन दोन इस्त्र्या तापलेल्या असायच्या आणि त्यांची धग सरळ माझ्याकडे येऊन बाहेर पडायची. माझ्या झडपेला दोरी होती. घरची बाई सकाळी उठली की आधी ती दोरी ओढायची, मग चूल पेटवायची. तिचे दोन मुलगे माझ्याखाली वाढले. कपडे न्यायला आलेली गिऱ्हाइके उगाच रेंगाळायची. "इथे बरं वाटतं हो," म्हणायची. ती माझी स्तुती होती, पण शाबासकी नेहमी खिडकीलाच मिळाली. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही. घर गार होते, तेवढे मला पुरे होते.

इस्त्रीवाला गेला आणि भावांचे बिनसले. थोरल्याने धंदा धरला होता. धाकटा कचेरीत लागला होता, त्याला घरभर पसरलेली लोकांची गाठोडी नकोशी झाली. जावांचे तर मीठ सांडल्यावरूनही वाजायचे. शेवटी मामाला वाटणीसाठी बोलावले. मामाने सुतळी ताणली, खडूने रेघ मारली आणि जमिनीपासून छतापर्यंत भिंत उभी करून घेतली. "बोटभरसुद्धा इकडेतिकडे नाही," असे तो जाताना अभिमानाने सांगत होता. खरेच नव्हते. वाटणी अगदी चोख झाली. खिडकी थोरल्याला गेली आणि मी धाकट्याला.

मामाने जमीन मोजली. वारा कोणी मोजला नाही.

थोरल्याकडे हवा येत होती, पण इस्त्र्यांची धग बाहेर जायला वाट नव्हती. धाकट्याकडे मी उघडा होतो, पण खालून काही येतच नव्हते, तर मी बाहेर काय सोडणार? दोन्ही भाऊ आपापल्या अर्ध्यात उकडत बसले आणि आपल्या वाट्याला वाईट बाजू आली, असे दोघेही सांगत राहिले.

आई महिनाभर इकडे आणि महिनाभर तिकडे राहायची. तिला आता दम लागायचा. डॉक्टरांनी हवेशीर जागेत ठेवा म्हणून सांगितले होते. तिला नकाशावाल्या बाईंचे बोलणे आठवत होते. म्हणून तिने मुलांकडे एकच मागणे मागितले, की या मधल्या भिंतीला वर एक आणि खाली एक भोक पाडा. भिंत राहू दे, फक्त वारा जाऊ दे.

थोरला म्हणाला, "मी कुठे नाही म्हणतोय? पण भिंत त्याला हवी होती. आधी त्याने येऊन विचारावं."

धाकटा म्हणाला, "दादा मोठा आहे. त्याने शब्द टाकला की मी स्वतः छिन्नी घेतो, आई."

म्हातारी हे दोन निरोप घेऊन या दारातून त्या दारात फिरत राहिली. दोघांनाही भोक हवे होते. पहिला शब्द कुणालाच नको होता. एकदा ती माझ्याखाली थकून बसली आणि धाकट्याला म्हणाली, "एकाच वाऱ्यावर वाढलात रे दोघं." त्याने मान खाली घातली, पण तो उठला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात धाकट्याने एसी आणला. बसवणारा म्हणाला, गारवा वरून निसटेल, हे भोक बंद करा. माझी दोरी कापली आणि तोंडावर प्लायवूड ठोकले. यंत्राचा बाहेरचा डबा गल्लीत टांगला, तो नेमका थोरल्याच्या खिडकीशी. त्याचा गरम फुत्कार आत यायला लागला, तशी थोरल्याने खिडकी खिळे ठोकून बंद केली. झाले. घराचे नाक मिटले, तोंडही मिटले.

तो महिना आईचा थोरल्याकडचा होता. एका दुपारी वीज गेली. थोरला आणि त्याची बायको कपडे पोहोचवायला बाहेर गेले होते. मला काही दिसत नव्हते, पण भिंतीपलीकडून खरवडण्याचा आवाज यायला लागला. धाकट्याची बायको घरात होती. तिला वाटले, उंदीर आहे. त्याला पळवायला तिने भिंतीवर दोनदा थाप मारली. आवाज थांबला. मग पहिल्यापेक्षा जोराने सुरू झाला. कुणीतरी ऐकले, असे त्या माउलीला वाटले असेल.

काही वेळाने आवाज बंद पडला.

थोरला परतला तेव्हा आई भिंतीशी पडलेली होती, हातात स्वयंपाकाचे उलथणे होते. ती दवाखान्यातून घरी आली नाही. मुलगे खूप रडले. वेगवेगळ्या खोल्यांत रडले.

मग घर विकायला निघाले. घेणाऱ्याला ते अखंड हवे होते. धाकट्याने एसी उतरवून नेला, तेव्हा प्लायवूडही निघाले. आज सकाळी गवंड्याने खिडकीचे खिळे काढले आणि मधली भिंत फोडली. दोघे भाऊ उरलेले सामान न्यायला आले होते. पडलेल्या विटांत थोरल्याच्या बाजूची एक वीट होती, तळहाताएवढी कोरलेली. ती दोघांनी पाहिली. तेवढ्यात उघड्या खिडकीतून वारा आत आला, दोघांच्या अंगावरून गेला आणि कितीतरी वर्षांनी माझ्यातून बाहेर पडला.

धाकटा म्हणाला, "दादा, वारा येतोय."

थोरला म्हणाला, "आई तेच सांगत होती."

मग आपापले गाठोडे उचलून दोघे आपापल्या दाराने गेले. नव्या मालकाने वर पाहिले. मला वाटले, याला तरी कळेल. तो गवंड्याला म्हणाला, "हे बुजवून टाका, कबुतरं येतील."

मित्रांनो, तुम्ही चित्राच्या वहीत घर काढता. एक दार काढता, दोन खिडक्या काढता, मागे सूर्य काढता. तो सूर्य कुठल्या भिंतीवर तापणार, याचाही कधी विचार करा. वर, छताच्या खाली, एक लहानसा चौकोन काढा. तो दिसायला शोभेचा नसतो. आणि मोठेपणी कधी घर वाटून घ्यायची वेळ आलीच, तर सुतळी ताणण्याआधी ते श्वास कुठून घेते, हे पाहा. भांडण झाले तरी तेवढी जागा मोकळी ठेवा. आणि पहिला शब्द तुम्ही टाका. त्याने कुणी लहान होत नाही.

गवंडी हात धुऊन आला. त्याच्या कपाळावर घाम आहे. तो शिडी चढून माझ्याजवळ आला, वाऱ्यापुढे क्षणभर तोंड धरून उभा राहिला, "बरं वाटतं इथे," म्हणाला, आणि त्याने पहिली वीट ठेवली.