रंग पक्का होऊ दे

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. माझ्या डोक्यावर पत्रा नाही, कापडी टप आहे. तो मागे पाडला की आत बसणाऱ्यांच्या डोक्यावर थेट आभाळ येतं. माझं वय विचारू नका. माझ्या बरोबरीच्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या, मी मात्र गॅरेजात गडद लाल रंगात उभी आहे. माझ्या दारात बघून कुणी दाढीही करावी, इतकी मी चकचकीत आहे. येणारेजाणारे म्हणतात, काय नशीब काढलंय या गाडीने! मी ऐकून घेते. खरं सांगायचं तर हल्ली मला काहीच वाटत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. एका चष्मेवाल्या तपासनिसाने माझं डावं दार उघडून पाहिलं आणि "हे जरा चिवट आहे" असं म्हणत मला पुढे ढकललं, एवढं आठवतं. मला विकत घेतलं ते एका औषधविक्याने. त्याला दोन मुलं होती, मुलगी मोठी आणि मुलगा धाकटा. संध्याकाळी दुकान बंद झालं की तो टप पाडायचा आणि आम्ही नदीच्या पुलापर्यंत जाऊन यायचो. धाकटा मागच्या सीटवर उभा राहून ओरडायचा आणि मोठी त्याच्या चड्डीचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसायची. तिने एकदाही आजूबाजूची मजा पाहिली नाही. तिचं सगळं लक्ष त्या पट्ट्यावर. तेव्हा माझा रंग पातळ होता आणि मला सगळं कळायचं. कुणाचा हात गरम, कुणाचा चिकट, कोण रागावून दार आपटतंय, सगळं.

मग औषधविक्या म्हातारा झाला आणि वारला. मला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ढकललं आणि विसरले. उंदरांनी गाद्या खाल्ल्या. एका मांजरीने माझ्यात पिल्लं घातली आणि मोठी करून नेलीसुद्धा. गंज पायापासून चढत चढत दारांपर्यंत आला. बाजूने जाणारे म्हणायचे, "हे धूड काढून टाका की!" वाईट वाटायचं, मित्रांनो. पण निदान वाटायचं तरी.

धाकटा पुढे घड्याळजी झाला. घड्याळाचं चाक उचलायच्या आधी त्यावर फुंकर मारणारा, चहाच्या कपाखालीसुद्धा कागद ठेवणारा माणूस. लग्न केलं नाही. ताईचा, म्हणजे त्या मोठीचा, नवरा गेला तेव्हा ती शिवणयंत्र घेऊन त्याच्याकडे राहायला आली. गॅरेजच्या वरच्या दोन खोल्यांत दोघं राहायची. एका खोलीत घड्याळांची टिकटिक, दुसऱ्या खोलीत यंत्राची खडखड. साठी उलटलेल्या भावाला ती अजून "छोट्या" म्हणायची आणि तो अजून चिडायचा. एकमेकांशी बोलायची ती मिठावरून, किल्ल्यांवरून आणि पंख्याच्या वेगावरून. मनातलं बोलायची या घराला सवयच नव्हती.

ताईचा मुलगा समुद्रापलीकडे नोकरीला होता. तो दर आठवड्याला फोन करायचा, "आई, आता कायमची इकडेच ये." शेवटी ती हो म्हणाली. पण भावाला म्हणाली, "जाण्याआधी एकदा बाबांच्या गाडीतून पुलापर्यंत फेरी मारायची. टप पाडून. त्याशिवाय मी हलत नाही बघ."

घड्याळजी दुसऱ्याच दिवशी शेडमध्ये आला आणि माझ्या अंगावरची कोळिष्टकं काढू लागला.

त्यानंतर काय काय झालं ते विचारू नका. मला शेडमधून गॅरेजात आणलं, माझं इंजिन खोललं, गाद्या नव्या भरल्या, पत्रा ठोकून सरळ केला. मग पेंटर आला. त्याने माझा जुना रंग पार पत्र्यापर्यंत खरवडून काढला. त्यावर अस्तर, अस्तरावर खड्डे बुजवायची लांबी, पुन्हा घासणं, मग लाल रंग आणि वरून काचेसारखा लॅकर. थरावर थर चढत गेले आणि मी त्यांच्याखाली बधिर होत गेले. आता कुणी हात ठेवला तर तो हात आहे की पंजा आहे, मला समजत नाही.

जाताना पेंटरने घड्याळजीला बजावलं, "हा रंग वरून वाळलाय, आतून ओलाच आहे. महिनाभर याला वारा लागू द्या. मेण लावू नका, पाणी मारू नका, आणि मुख्य म्हणजे वर काही पांघरू नका. गुदमरतो तो."

घड्याळजीने मान हलवली. त्याच संध्याकाळी ताई खाली आली. तिच्या हातात मोठं गाठोडं होतं. माझी मापं घेऊन तिने गुपचूप माझ्यासाठी एक पांघरूण शिवलं होतं. आतून मऊ फलालीन, वरून जाड कापड आणि मधोमध दुहेरी शिवण. तिचा चेहरा बक्षीस मिळालेल्या पोरीसारखा झाला होता.

"बघ तरी घालून," ती म्हणाली.

नको कसं म्हणणार? घड्याळजीने पांघरूण घातलं. सकाळी काढलं तेव्हा माझ्या बॉनेटवर फलालीनची सगळी वीण उमटली होती. ताई उठायच्या आत त्याने पेंटरला बोलावलं आणि तेवढा भाग घासून घेतला. बहिणीला सांगितलं की पेंटरनेच काम बिघडवलं, पुन्हा रंग द्यावा लागणार.

ताई तडक पेंटरसमोर उभी राहिली. "डोळे कुठे गहाण टाकले होते का? एवढं साधं काम धड होत नाही?" असं काय काय तिने त्याला सुनावलं. पेंटरने घड्याळजीकडे पाहिलं. घड्याळजी माझ्या चाकाकडे बघत होता.

"चुकलं माझं, ताई," पेंटर म्हणाला.

रंग पुन्हा दिला. फेरी पुढे गेली, म्हणून ताईचं जाणंही पुढे गेलं. तो महिना घरात फार बरा गेला. ताईने भावाचे सगळे सदरे दुरुस्त केले, बटणं लावली, आणि रोज संध्याकाळी दोघं माझ्यासमोर स्टुलं टाकून चहा प्यायची. ती विचारायची, "झाला का रे पक्का?" तो म्हणायचा, "होऊ दे, होऊ दे. घाई नको." हे म्हणताना त्याचा आवाज मला खूश वाटायचा. पांघरुणाचं विचारलं तर म्हणायचा, "इतकं सुरेख शिवलंयस, फेरीच्या दिवशी घालू."

महिना संपत आला. पेंटर येऊन म्हणाला, "आठवड्याने खुशाल बाहेर काढा." वर ताईची पेटी अर्धी भरून तयार होती.

त्या दुपारी घड्याळजी एकटाच खाली आला. त्याने पांघरुणाची घडी काढली आणि ती छातीशी धरून बराच वेळ उभा राहिला. पेंटरचं बजावणं त्याला शब्दन् शब्द पाठ होतं. हा माणूस कधी काही विसरत नाही. त्याने पांघरूण माझ्यावर चापूनचोपून बसवलं, गॅरेजची खिडकी लावली, दार लावलं आणि तो वर निघून गेला. आत माझा पत्रा तापत राहिला.

मला तेव्हाही काही वाटलं नाही. पण मला सगळं समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी ताई झाडायला म्हणून खाली आली आणि पांघरूण दिसल्यावर तिने ते हौसेने वर उचललं. ते चिकटलं होतं. ओढून काढलं तर लाल रंगावर बॉनेटच्या मधोमध दुहेरी शिवण उमटलेली. टाका न् टाका स्वच्छ. तिने स्वतःच पेंटरला बोलावून आणलं. तो बघताच दारातल्या घड्याळजीला बोलून गेला, "अहो साहेब, मागच्या खेपेलाच सांगितलं होतं ना, ओल्या रंगावर पांघरूण नको म्हणून?" आणि मग ताईचा चेहरा बघून तो हत्यारं आणतो म्हणून सटकला.

ताई माझ्या बॉनेटपाशी उभी होती. घड्याळजी दारात उभा होता.

"छोट्या, ही माझी शिवण आहे," ती म्हणाली. "तुला ठाऊक होतं. तरी घातलंस."

त्याने पुन्हा माझ्या चाकाकडे पाहिलं.

"मी राहावं असं वाटतंय का तुला?"

तो चिडला नाही, हललाही नाही.

"तसं म्हण की मग. एकदा म्हण. मी पोराला कळवते, नाही येत म्हणून."

मित्रांनो, ती वाट बघत होती. माझ्या बॉनेटवर दोन्ही हात ठेवून, भावाकडे बघत ती उभी होती. घड्याळजीचा ओठ हलला. शब्द ओठांवर आलेला मला दिसत होता. मला हॉर्न आहे. तो मला आपला आपण वाजवता आला असता तर मी सगळी गल्ली जागी केली असती.

"रंग पुन्हा द्यावा लागेल," घड्याळजी म्हणाला.

ताईने हात उचलले. "हो, दे," एवढंच म्हणून ती वर गेली आणि पेटी पूर्ण भरली.

ती निघाली तेव्हा मी अस्तरात होते, करडी, अर्धवट घासलेली. दारात भाड्याची गाडी आली. जाताना ताईने त्याला सदरे कुठे ठेवलेत ते सांगितलं, पंखा जोरात लावू नकोस म्हणाली. तो हो हो म्हणाला. पुलापर्यंतच्या फेरीचा विषय कुणीच काढला नाही.

आता माझा रंग पक्का आहे. पेंटरने या वेळी कमाल केली. घड्याळजी रोज संध्याकाळी मऊ फडक्याने मला पुसतो. ताईचा फोन आला की तो माझ्याशेजारी स्टुलावर बसूनच घेतो. ती विचारते, "गाडी कशी आहे?" तो सांगतो, "एक ओरखडा नाही." काही वेळाने तिकडून फोन ठेवल्याचा आवाज येतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू सांभाळा, त्यांना पुसा, ऊन-पावसापासून जपा, हे तुम्हाला आमच्यापैकी पुष्कळांनी सांगितलं असेल. मी वेगळं मागते. मला बाहेर काढा. माझ्यावर धूळ बसू द्या, खडे उडू द्या, चिवट दार रागाने आपटा. माझा रंग गेला तर पुन्हा देता येतो, माझ्यावर दोनदा दिलाय. पण तुमच्या घरातून कुणी जायला निघालं असेल आणि त्याने जाऊ नये असं वाटत असेल, तर रंगाची सबब सांगू नका. "राहा" म्हणा. पेटी अर्धीच भरलेली असते तेव्हाच म्हणा.