सात घरांचं छप्पर

शवागारात पोलिसाने चादर गुडघ्यापर्यंत खाली ओढली. चिमीने चेहरा पाहिला आणि नजर काढून घेतली. आठ दिवस समुद्रात राहिलेल्या माणसाचा चेहरा कुणाचाच उरत नाही. मग तिला चड्डीचा खिसा दिसला. जाळ्याच्या हिरव्या दोऱ्याने शिवलेला. टाके तिचेच होते.

“तुमचा नवरा का हा? गोमा?”

चिमीने पदर तोंडात कोंबला. हंबरडा गळ्यापर्यंत आला होता. पण दाराशी प्रदीपशेठ नाकाला रुमाल लावून उभे होते. त्यांना बघताच तिला देवळातली माणसं आठवली.

वादळाने चिंचणीला त्यांची घरं धुऊन नेली, तेव्हा शेठनी पाम गावाजवळच्या देवळाचा सभामंडप उघडून दिला. हे खोटं नाही. रोज खिचडीही दिली, फक्त आरतीला टाळ्या वाजवल्यावर. बाहेर ‘मानवसेवा हीच ईश्वरसेवा’ असा फलक लागला आणि त्यावर शेठचा हसरा फोटो. मग चौथ्या दिवशी, गोमासोबत होडीवर गेलेल्या झुंबरचा देह किनाऱ्याला लागला. “देऊळ आहे, सुतक चालत नाही,” असं शेठ फार गोड बोलले आणि झुंबरच्या भावकीची चार घरं त्याच दुपारी हात जोडून बाहेर काढली. ती अजून रस्त्याकडेला ताडपत्रीखाली आहेत. पाऊस उघडत नाही आणि त्यांचं एक पोर सलाईनवर आहे. मंडपात उरलेली सात घरं गोमाच्या भावकीची. गोमा गेला, की सातही घरांना सुतक. चिमीची उन्नती दोन वर्षांची, कालपासून तापाने फणफणलेली.

“बाई, बोला काहीतरी.”

“नाय,” चिमी म्हणाली. “ह्यो आमचा नाय.”

“नीट बघा.”

“बगला. नाय आमचा.”

शेठनी रुमाल खिशात ठेवला. “देवाची कृपा!”

निघताना चिमी पोलिसाजवळ थबकली.

“कोण नाय आला, तर काय करता याचा?”

“सात दिवस थांबतो. मग आम्हीच अग्नी देतो.”

गाडीत शेठ म्हणाले, “आशा सोडू नका. कुंकवात फार ताकद असते.” चिमी काचेबाहेर बघत राहिली. आपल्याच नवऱ्याला बेवारशी करून ती निघाली होती आणि तिला रडायचीही चोरी होती.

मंडपात तिची सासू गोजराबाई उन्नतीच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होती. चिमी आत येताच सगळी भावकी उठून बसली.

“गोमा व्हता?” म्हातारीने विचारलं.

“नाय, आय.”

गोजराबाईने सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग नातीकडे, मग भिंतीला लावलेल्या बोचक्यांकडे. पट्टी सुनेच्या हातात दिली, गुडघ्यांवर हात टेकत उठली आणि मागच्या नळावर गेली. तिने बादली भरली आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी ओतलं. तांब्यामागून तांब्या. घरचं माणूस गेल्याची खबर आली, की त्यांच्यात अशीच अंघोळ करतात.

गाभाऱ्याकडे निघालेले शेठ ते बघून थांबले आणि कौतुकाने सगळ्यांकडे वळले.

“बघा! या वयात गार पाण्याने अंघोळ, आरतीसाठी. भक्ती म्हणतात ती ही. शिका काहीतरी.”

मग चिमीची जाऊ उठून नळाकडे गेली. तिच्यामागे दीर गेला, त्याच्यामागे चुलत सासरा.

आरतीची घंटा सुरू झाली तेव्हा नळावर सातही घरांची रांग लागली होती. चिमीने झोपलेल्या उन्नतीला खांद्यावर घेतलं आणि ती रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली.