माझ्या पडद्यामागचा दिवा

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. कळा झिजल्यात, बिजागरी कुरकुरते, पण जीव अजून शाबूत आहे.

माझं तंत्र जन्मापासूनच उलटं. पडद्यामागच्या दिव्याला मोठा आकडा दिला की तो मंदावायचा, शून्य दिला की लख्ख! माझी मालकीण कर्नलवर काम करायची. कर्नल म्हणजे संगणकाच्या यंत्रणेचा गाभा. दिव्याला हुकूम तोच सोडतो. तिने त्यात माझ्या मॉडेलसाठी एक ओळ घातली, की याला आकडे उलटे द्या. मी सुतासारखा सरळ झालो.

पुढे घशाच्या ऑपरेशनमध्ये तिच्या बाबांचा आवाज गेला. तिने मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते टाइप करत, त्यांना सांभाळणाऱ्या मावशी वाचत. एकदा त्यांनी लिहिलं, "मावशी, तुमच्या गाण्यापेक्षा माझा आवाज बरा होता." मावशी पोट धरून हसल्या. तेव्हा मला फार अभिमान वाटला.

दूरच्या शहरात मुलीने कर्नलची साफसफाई काढली. जुनी ओळ खोडण्याआधी कर्नलवर काम करणाऱ्या सगळ्यांना ईमेलने विचारायची रीत आहे: हे मॉडेल कुणी वापरतं का? तिनेही विचारलं. उत्तर आलं नाही. बाबांना ते ईमेल कुठून मिळणार? आणि घरचाच लॅपटॉप तिच्या ध्यानात आला नाही. ओळ गेली.

नवी यंत्रणा आपोआप माझ्यात उतरली. पडदा मंदावला. मावशींनी उजेड वाढवायची कळ दाबली, तसा तो आणखी विझत गेला आणि शेवटी काळाकुट्ट झाला. बाबा तरीही टाइप करत होते. अक्षरं उमटत होती, दिसत मात्र नव्हती. "गेला हा," म्हणत मावशींनी मला मिटून कपाटावर ठेवलं. बाबा माझ्याकडे हात करत राहिले. लॅपटॉपसाठी हट्ट करताहेत, असं मावशींना वाटलं.

संध्याकाळी बाबांचे दोन्ही हात लुळे पडले.

मुलगी धावत आली. तिने मला चार्जर लावला, पडद्यावर टॉर्च तिरपा धरला आणि वाचलं: "हात बधिर होतोय. डॉक्टरांना बोलवा."

"मावशी, ती ओळ मीच खोडली," ती म्हणाली.

तिने ओळ परत घातली. मी पुन्हा लख्ख झालो, पण मला त्याचा आनंद झाला नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. पडदा काळा दिसला म्हणून यंत्र मेलं असं ठरवू नका. आत कुणी काही लिहिलंय का, ते आधी पाहा.

आता मी पुन्हा बाबांच्या मांडीवर असतो. कुणी कळ दाबली नाही, की थोड्या वेळाने माझा दिवा आपोआप विझतो. मुलगी तो विझू देत नाही. ती एक कळ दाबते आणि बाबांच्या बोटांकडे बघत बसते.