स्वप्नाच्या गळ्यातला खिळ्यांचा पट्टा

मी एका बाईच्या गळ्यासाठी घडवलेला पट्टा बोलतोय. माझे भाऊबंद पूर्वी कुत्र्यांच्या गळ्यात असायचे. बिबट्या मानेलाच धरतो, म्हणून आमच्या अंगावर बाहेरच्या बाजूने खिळे. आता पिंपरी पेंढारच्या बायका आम्हाला घालून खुरपायला बसतात आणि लोक याला सोय म्हणतात! तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

गेल्या हिवाळ्यात स्वप्ना आणि शेजारची साळुबाई कांदा खुरपत होत्या. उसातून बिबट्या आला आणि वाकलेल्या साळुबाईला मानेला धरून घेऊन गेला. स्वप्ना हातभर अंतरावर होती. तिच्या नवऱ्याने, हनुमंतने, लगेच वेल्डिंगवाल्या गोकुळकडून मला करून घेतलं. "आता पट्टा हाय ना, मग भ्यायचं कशाला?" असं म्हणत त्याने मला तिच्या गळ्यात अडकवलं.

भीती कसली जाते! स्वप्ना मला घालून जेवायची, मला घालूनच झोपायची. तिची मान सोलवटली. लेकीला, आरतीला, जवळ घ्यायचं तर माझे खिळे मध्ये यायचे. ती पोर मग लांबूनच आई म्हणून हाक मारायची. याचा मला सगळ्यात जास्त राग यायचा.

मग सुरू झाली उपचारांची जत्रा. शेजारणीने अंगारा आणला. सासू जानकाबाईंनी तो उंबऱ्यावरूनच परत पाठवला, "आमच्यात ह्ये चालत न्हाई." त्यांनी सुनेला बुद्धविहारात श्वासावर ध्यान ठेवून बसवलं. स्वतःच्या दुःखात त्यांना त्याच ध्यानाने उभं केलं होतं, हे खरं. पण स्वप्नाने डोळे मिटले की तिच्या कानात ऊस सळसळायचा. ती किंचाळून उठायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी झोप लागली, त्यांचे उपकार मी मानतो. जागेपणीची भीती मात्र होती तिथेच. भावकी म्हणे, "इसरून जा." आणि तीच माणसं "पण नेमकं कसं झालं गं?" म्हणत मोबाइल समोर धरायची. लाज नाही!

सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एकदा बसणारी समुपदेशक स्नेहा मात्र वेगळी निघाली. तिने खोदून काही विचारलंच नाही. डोळे उघडे ठेवून पायाखालची जमीन चाचपायला लावली, गोळ्या बंद करू दिल्या नाहीत. सासूला म्हणाली, "आजी, ध्यान वाईट नाही, पण सध्या तिला डोळे मिटायला लावू नका." मग स्वप्ना आधी दारापर्यंत, मग गोठ्यापर्यंत, मग बांधापर्यंत जाऊ लागली. जिथे नको वाटेल तिथून परत. एका दुपारी तर ती मला बाजूला ठेवून जेवली.

हनुमंतला एवढा धीर कुठला! "बोलून कुटं दुखणं बरं व्हतं व्हय? एकदा रानात बसली की मोडंल भीती," म्हणत त्याने तिला दंडाला धरून थेट साळुबाईच्या जागेवर नेऊन बसवलं. स्वप्ना तिथेच ताठली, घामाने निथळली. बांधापर्यंत पोचलेली बाई पुन्हा उंबऱ्याच्या आत. सगळं मुसळ केरात.

परवा तो पुन्हा दंड धरायला आला. स्वप्नाने मला काढलं आणि त्याच्याच गळ्यात अडकवलं.

"बसा साळुआत्या बसली व्हती तिथं. वाकून खुरपा. मी बांधावर उभी ऱ्हाते."

तिचा आवाज कापत होता, पण रागाने. बायकोपुढे माघार कशी घ्यायची, म्हणून तो रानात जाऊन बसला; ती बांधावर थांबली. त्याने मान खाली घातली. उसात काहीतरी खसफसलं, वारा असेल नाहीतर कुत्रं. त्याच्या गळ्याची शीर माझ्या आत धडधडू लागली. खुरपं टाकून तो बांधाकडे पळत सुटला.

बाबांनो, मला रानात घाला, मी मान सांभाळीन. पण मला औषध म्हणू नका, आणि कुणाच्या जखमेला तुमच्या सवडीची मुदत घालू नका.

आज सकाळी हनुमंत मला घालूनच चहा प्यायला. बक्कल सोडायला हात गेला आणि तिथेच थांबला. स्वप्ना शेजारी येऊन बसली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "घाई न्हाई."