हे टेबल हलणार नाही

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे आणि मी कुठेही जाणार नाही, हे आधीच सांगून टाकते. सार्वजनिक वाचनालयाच्या खोलीत, मधोमध, मी पाय रोवून उभे आहे.

माझा जन्म दुकानात झाला नाही. फळ्या याच खोलीत आणून सुताराने मला जोडले. काम संपल्यावर कोणाच्या तरी लक्षात आले की, मी दारापेक्षा रुंद आहे. सुताराने डोके खाजवले आणि म्हणाला, "आत बसवायचं होतं ना? बसवलं." झाले!

मग माझ्यावर माणसे वाचू लागली. परीक्षेची तयारी करणारी मुले, वर्तमानपत्राच्या एकाच पानावरून भांडणारे शेजारी, घरी सुनेशी पटत नाही म्हणून दुपारभर इथे बसणारे आजोबा. त्यांच्या कोपरांनी माझ्या कडा गुळगुळीत झाल्या. "टेबल असावं तर असं!" असे लोक म्हणत आणि मी मनातून फुलून जाई. वाचणाऱ्यांचा तेव्हा मान होता. वाचनालय चालवणाऱ्या सरकारी कार्यालयाने भिंतीवर पाटीच लावली होती, 'वाचत बसलेल्या वाचकाला उठवू नये.'

पुढे ग्रंथपाल निवृत्त झाले आणि त्यांची जागा कोणी भरलीच नाही. दाराला कुलूप लागले. छपरातून पाणी माझ्या पाठीवर ठिबकत राहिले. मला रडू यायचे, पण त्याहून जास्त राग यायचा.

ते कुलूप सिस्टरनी उघडले. सिस्टर म्हणजे रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका. त्यांनी कार्यालयाचे उंबरठे झिजवले आणि, "पगार नको, किल्ली द्या," म्हणत किल्ली मिळवलीच. त्यांच्यामागून 'वाचनालय मित्रमंडळ' उभे राहिले. कोणी छप्पर दुरुस्त केले, कोणी कपाटे पुसली. टेलरमास्तर उसवलेली पुस्तके जाड सुईने शिवू लागले. वाचत मात्र एकही नसत. "कापड कोणी वाचत बसतं का? शिवायचं आणि द्यायचं," असे म्हणत.

वाचनालय पुन्हा गजबजले, आणि नेमकी तेव्हाच कार्यालयाला जुनी कागदपत्रे ठेवायला ही खोली हवीशी झाली. एका दुपारी तिथले साहेब गाडीतून दोन कामगार घेऊन आले. मी दारातून जात नाही म्हटल्यावर त्यांनी करवतही आणली होती.

सिस्टरनी खिडकीतून पाहिले. "बसा सगळे! पुस्तक घ्या हातात!"

खुर्च्या पटापट भरल्या. मास्तर शिवत असलेले पुस्तक घेऊनच बसले.

"उठा, टेबल कापायचंय," साहेब म्हणाले.

सिस्टरनी मान वर न करता पाटीकडे बोट दाखवले. "पाटी तुमचीच आहे, साहेब. आम्ही वाचतोय."

"हे वाचतायत? यांच्या पुस्तकाला सुई लटकतेय!"

"शिवता शिवता वाचतोय," मास्तर म्हणाले.

"बघतोच किती वेळ वाचता!" साहेबांनी खुर्ची ओढली. सिस्टरनी मास्तरांना कोपराने ढोसले. "मास्तर, पान उलटा."

मास्तरांनी पान उलटले. मग आणखी एक उलटले. करवत भिंतीला टेकवून एका कामगाराने वर्तमानपत्र उघडले, तेव्हा मात्र साहेब चिडून उठले. "उद्या येतो!"

"या की. सभासद करून घेऊ."

गाडी गेली. सिस्टर म्हणाल्या, "मास्तर, उठा आता. गेले ते."

"थांबा हो! या पोरीला सासरी पाठवतायत की नाही, तेवढं बघू दे."

मित्रांनो, त्या दिवशी मला कोणाचीही भीती वाटेनाशी झाली. पण साहेबांनी हट्ट सोडलेला नाही. त्यांची गाडी अधूनमधून येते, म्हणून मंडळातले कोणी ना कोणी दिवसभर वाचत बसलेले असते. आता मी, 'माझी नीट काळजी घ्या,' अशी विनवणी करावी, अशी तुमची अपेक्षा असेल. मी करणार नाही. मला पुसू नका, पॉलिशही करू नका. वाचायला या.

आज दुपारी सिस्टर एकट्याच आहेत. साहेबांची गाडी बाहेर उभी आहे. सिस्टरना केव्हाची तहान लागली आहे आणि माठ तिकडे कोपऱ्यात आहे. शेजारच्या खुर्चीवर कोणी येऊन बसले, तर त्यांना पाणी प्यायला उठता येईल.