बेबीबाई आणि कपडे सुकवायची मशीन

सानगडीहून बेबीबाई जवाहरनगरला दारूगोळा फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आली ती आठ दिवसांसाठी, नातीचं तोंड बघायला. त्याला आता तीन महिने होत आले होते. सानगडीत थोरल्या पुंडलिकचं घर होतं, तलावाखालच्या बांध्यांमध्ये धानाची रोवणी सुरू होती, आणि तिच्यावाचून तिकडे कोणाचं काही अडत नव्हतं. पुंडलिकची पोरं तिच्या खांद्याला लागली होती, त्यांना आजी कायले पाहिजे? इथं धाकट्या इश्वरची रंजू होती. तिने एकदा बोट धरलं की सोडत नसे. म्हातारीचा जीव त्या पोरीत अडकला होता, दुसरं काही नाही.

पण सुनेची रजा संपत आली होती. निर्मला भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात नर्स. ती ड्युटीवर गेल्यावर पोरीला सांभाळणार कोण? निर्मलाची आई ललिताबाई नागपूरला राहायची, शाळेतून रिटायर झालेली, घरात पंखा, फिल्टर, सगळं शिस्तीचं. "वर्षभर मी नेते रंजूला," असं तिने कळवून टाकलं होतं. शेवटी ठरलं ते असं, की सोमवारपासून निर्मलाने कामावर जावं आणि एक आठवडा बेबीबाईकडे पोरगी ठेवून बघावं. रविवारी ललिताबाई येणार. सगळं नीट असलं तर बरं, नाहीतर पोरगी तिच्याबरोबर नागपूरला. ही आपली परीक्षा आहे असं बेबीबाईला कोणी म्हटलं नाही, पण तिला काय कळत नव्हतं का!

आणि या परीक्षेत सगळ्यात अवघड पेपर होता कपडे सुकवायच्या मशीनचा.

मशीन आली ती अशी. फॅक्टरीतल्या एका साहेबांच्या आईला निर्मला सहा महिने घरी जाऊन इंजेक्शनं द्यायची. साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी परदेशातून आणलेली ही पांढरी पेटी निर्मलाला देऊन टाकली. गव्हाच्या कोठीएवढी, समोर गोल काचेचं दार. कपडे हातानंच धुवायचे, पिळायचे आणि आत टाकायचे, की पोटातला डबा गरगर फिरतो, गरम हवा खेळते आणि पाऊण तासात कपडा कोरडा. श्रावणाच्या झडीत दिवसाला वीस-वीस लंगोट ओले करणाऱ्या पोरीच्या घरी याहून मोठं वरदान नाही. त्याआधी बेबीबाई शेगडीवर टोपली पालथी घालून लंगोट वाळवायची आणि घरभर धुराचा वास.

इश्वर फॅक्टरीत इलेक्ट्रिशियन. ज्या गेटवर रोज माणसाच्या खिशातली काडीपेटी तपासतात, तिथं दहा वर्षं काढलेला माणूस. त्याने मशीनला वेगळी जाड वायर ओढली, स्वतंत्र बटण दिलं, वाफ बाहेर जायला खिडकीतून पत्र्याचा पाइप काढला, आणि मग आईला समोर बसवलं.

"माय, ध्यान देऊन आयक. दर खेपेले ही जाळी काढून साफ करायची. पाइपाच्या तोंडाशी काही ठेवायचं नाई. मशीन चालू असतानी घर सोडून जायचं नाई. शेवटचे दहा मिनिटं थंडी हवा फिरते, थे पुरी होऊ द्यायची, मधात बंद करायची नाई. आन् तेलाचं, रॉकेलचं काही म्हणजे काही अंदर टाकायचं नाई."

"हाव बाप्पा. येवढं तं तुह्या लग्नात भटजीनं नाई सांगतलं."

पण तिने सगळं पाठ केलं. फक्त जाळीचं तिला मनापासून पटलं नव्हतं. जाळीवर दर वेळी मऊमऊ पांढरा कापूस साचायचा, आणि एवढा पिंजलेला कापूस फेकून द्यायचा म्हणजे काय? तिने तो डबीत साठवला, त्याच्या छान वाती वळल्या आणि एका संध्याकाळी तुळशीपुढच्या दिव्यात घातल्या. काडी लावली मात्र, भप्पकन जाळ उठला. उजवी भुवई अर्धी गेली. इश्वर आधी पोट धरून हसला आणि मग एकदम गंभीर झाला. "हे मशीनच्या पोटात पेटलं असतं तं?" तेव्हापासून बेबीबाईच्या हातून जाळी साफ करायची कधी राहिली नाही. नियमाला कारण असतं हे कानाला कळत नाही, भुवईला मात्र लगेच कळतं.

सोमवार ते गुरुवार दृष्ट लागावी असे गेले. पोरगी वेळेवर दूध पीत होती, वेळेवर झोपत होती. निर्मला घरी येऊन पाळण्यात डोकावायची आणि तिच्या कपाळावरची आठी रोज थोडी कमी व्हायची.

आता बेबीबाईच्या गुडघ्यांचं सांगायला हवं. ओल्या हवेत ते असे ठणकायचे की बसल्यावर उठवेना. त्यावर तिचा एकच इलाज. सानगडीच्या स्वतःच्या बांधीतलं जवस, त्याचं घाण्यावर काढलेलं तेल. ते कोमट करून चोळायचं आणि त्याच तेलात भिजवलेली सुती फडकी गुडघ्यांना बांधून झोपायचं. सकाळी फडकी साबण लावून दगडावर आपटायची. पण त्या आठवड्यात झड अशी लागली होती की दोरीवर फडकी वाळेनात, त्यांना कुबट वास यायला लागला.

शुक्रवारी सकाळी निर्मलाने पोरीचे लंगोट-दुपटी मशीनमध्ये भरली आणि ती आंघोळीला गेली. बेबीबाईने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि आपली चार फडकी हळूच आत सारली. तेलाचं टाकू नको म्हणाला होता इश्वर. पण साबणानं धुतल्यावर ते तेलाचं कुठं राहिलं? असा तिने स्वतःशी निवाडा केला. निवाडा खरा वाटला असता तर तिने इकडेतिकडे बघितलं नसतं, हेही तितकंच खरं.

त्या दिवशी निर्मलाला उशीर झाला. नाक्यावर बस येऊन उभी होती. शेवटची थंड हवा सुरू व्हायच्या आधीच तिने बटण बंद केलं, "आत्याबाई, कपडे काढून घ्या जी," म्हणाली आणि पळाली. बेबीबाईने चटका बसणारे कपडे तसेच बांबूच्या टोपलीत दाबून भरले. पोरीला उबदार मिळावेत म्हणून वरून गोधडी लपेटली आणि टोपली पाळण्याजवळ ठेवून ती स्वयंपाकघरात तांदूळ निवडायला बसली.

दीड-दोन तास झाले असतील. तिच्या नाकाला वास आला. कढईत जवसाचं तेल जास्त तापून धुरावतं तो वास. तिने स्टोव्हकडे बघितलं. स्टोव्ह विझलेला, गार.

तिने तांदूळ तसेच टाकले. ती खोलीत गेली तर टोपलीवरच्या गोधडीतून धुराची बारीक रेघ निघत होती आणि दोन हातांवर पाळण्यात पोरगी झोपलेली.

गुडघे कुठं गेले आणि ठणका कुठं गेला, कोणास ठाऊक. तिने आधी पोरगी उचलली आणि शेजारच्या मंदाबाईच्या हातात नेऊन दिली. मग परत आली. गोधडी काढायला हात पुढं गेला होता, तो तिने तिथंच थांबवला. ओलं तणस, भाताचा पेंढा, रचलेला पुंजणा आतून धुमसायला लागला की माणूस घाईने उकलायला जातो, आणि वारा लागला की भडका उडतो, हे तिने गावात बघितलं होतं. तिने टोपली होती तशीच फरपटत मागच्या दारातून अंगणात नेली, धुण्याच्या दगडावर उलटी केली आणि मागं सरली. जाळ कमरेइतका उठला. मग एक बादली, दुसरी बादली, तिसरी. आणि सगळं काळं पाणी नालीकडे वाहून गेलं.

ढिगाच्या मधोमध होती तिची चार फडकी. तीन पार जळालेली, चौथ्याचा टवका उरलेला. बाहेरचे लंगोट नुसते पिवळे पडले होते. आग कुठून निघाली हे सांगायला पंच नको होते. बेबीबाईने तो टवका कमरेला खोचला आणि नंतर आपल्या थैलीच्या तळाशी लपवून ठेवला.

मंदाबाईने संध्याकाळपर्यंत अख्ख्या लाइनीत करून टाकलं की इश्वरच्या मायने आगीतून पोरगी वाचवली. बायका येऊन तिच्या पाया पडून गेल्या. आणि निर्मला घरी आली ती पांढरीफटक. पोरीला छातीशी धरून खाली बसली आणि इश्वरला म्हणाली, "माझंच चुकलं. थंडी हवा पुरी न होऊ देता मीच मशीन बंद केली. तुम्ही सांगितलं होतं, तरी मीच."

इश्वर बायकोला वाटेल ते बोलला. बेबीबाई भिंतीला टेकून बसली होती. आता बोलावं, असं तीनदा तिच्या ओठांवर आलं. पण बोललं की रविवारी पोरगी जाणार. ती गप्प राहिली. शनिवारीही गप्प राहिली. निर्मलाने त्या दिवशी ड्युटी चुकवली, जेवली नाही, सारखी पोरीच्या अंगाला हात लावून बघत होती. बेबीबाईनेही ताट तसंच झाकून ठेवलं. लाज वाटत होती तिला, साधी सरळ लाज.

रविवारी सकाळच्या गाडीने ललिताबाई आली. मंदाबाईने तिला दारातच गाठून सगळं सांगितलं. ललिताबाई आत आली ती मुलीवरच उखडली. "दहा मिनिटांची घाई तुला पोरीपेक्षा मोठी झाली? नर्स म्हणवतेस स्वतःला?" मग बेबीबाईकडे वळून तिने हात जोडले. "विहीणबाई, मी न्यायलाच आले होते. पण आता नाही नेत. तुमच्यासारखं मला जमलं नसतं. रंजू तुमच्याजवळच राहू दे."

झालं. जे पाहिजे होतं ते पदरात पडलं होतं. बेबीबाईने निर्मलाकडे बघितलं. ती मान खाली घालून म्हणत होती, "मी नोकरीच सोडते, आई. माझा माझ्यावरच भरोसा नाही राहिला."

बेबीबाई उठली. थैली काढली, तळाशी हात घातला आणि तो काळा टवका निर्मलापुढं ठेवला.

"हे माह्या गुडघ्याचं फडकं आहे. तू आंघोळीले गेली तवा म्याच चार फडके मशीनीत टाकले. आग तठूनच निघाली. तू नाई लावली, पोरी. म्या लावली."

इश्वरने टवका नाकाशी नेला. "जवस," तो म्हणाला. मग खाली बसून आईला सांगायला लागला, "साबणानं हे तेल पुरतं निंगत नाई, माय. आन् जवसाचं तेल सुकतानी आपोआप तापते. दोरीवर वारा लागला तं काही होत नाई. गरम-गरम ढीग दाबून ठेवला का अंदरून धरते. आमच्या शॉपमधी तेलाचे बोळे झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकतेत आन् रोज सांजेले बाहेर नेतेत, थे याच्याचसाठी."

"म्हणजे ओल्या तणसासारखं," बेबीबाई म्हणाली.

"हाव. तसंच. आन् हिनं थंडी हवा फिरू दिली असती तं कदाचित धरलंही नसतं. दोघींचंही चुकलं."

ललिताबाईचा चेहरा मात्र बदलला होता. "म्हणजे दोन दिवस तुम्ही लपवलंत. माझी पोरगी रडत होती आणि तुम्ही बघत बसलात."

"हाव," बेबीबाई म्हणाली. "बसली बघत."

ललिताबाई उठून रंजूच्या कपड्यांची थैली भरायला लागली. बेबीबाईने भांडण केलं नाही. दूध पाजायची वाटी आणि चमचा धुऊन-पुसून तिने स्वतःच आणून दिला. "तिले कुशीवर झोपवजा, लवकर झोपते," एवढंच ती म्हणाली.

"थांब आई," निर्मला म्हणाली. मग सासूकडे वळली. "आत्याबाई, अजून काय काय लपवलं आहे माझ्यापासून?"

बेबीबाईने आठवून आठवून सांगितलं. "बुधवारी तू घरी नाई असतानी मधाचं बोट चाटवलं. तू नाई म्हणाली होती तरी. गुरुवारी सतरंजीवरून फरशीवर लवंडली, कपाळाले लागलं थोडसं. तू पुसलं तं डास चावला म्हणून सांगतलं."

"आणखी?"

"आन् एकदा तुह्या नावानं बोटं मोडली. माहे हात खरबडीत आहेत म्हणाली होती, म्हून."

इश्वर तोंड फिरवून हसला. निर्मलाला हसू आलं नाही. ती म्हणाली, "वॉर्डात माझ्या हाताखाली सहा आया आहेत, आई. सगळ्यांच्या हातून चुका होतात. माझ्याही होतात, परवा झालीच. पण जी स्वतः येऊन सांगते, तिच्याच भरोशावर मी लहान पोरं सोडते. या गप्प बसल्या असत्या तर रंजू यांना मिळालीच होती. तू दिलीच होतीस. तरी यांनी सांगितलं, कारण मी रडत होते."

ललिताबाईने हातातलं झबलं बघितलं, घडी मोडली, परत घातली. मग थैली खाली ठेवून ती पाळण्याजवळ जाऊन बसली.

"मध नाही, म्हणजे अजिबात नाही," निर्मला सासूला म्हणाली. "तेलाची फडकी बाहेर, दोरीवर, एकेक वेगळी. वाळली नाहीत तर जुनी फेका, मी नवी आणते. आणि मशीन गार झाल्याशिवाय मी घराबाहेर पाय टाकणार नाही. बस गेली तर गेली."

तिने पाळण्यातून पोरगी उचलली आणि बेबीबाईच्या मांडीवर ठेवली.

"उद्या माझी सातची ड्युटी आहे, आत्याबाई. पाचला उठवा मला."

"हाव," बेबीबाई म्हणाली, आणि मग मात्र तिला सगळ्यांसमोर रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही.